आधी तिच्या पोरीवर

"आधी हिच्या पोरीवर करून बघा. पोरीचा पाय सरळ झाला, तर मग आमच्या नातवाला हात लावा."

देशमुख हे बोलला तेव्हा मी गढीच्या पायरीखाली उभी होते. हातात खराटा, कडेवर पोरगी.

बीडहून डाक्टर आला होता. देशमुखानं बैलांची दमणी धाडून आणवला होता त्याला. ओसरीवर गादी, गादीवर देशमुख, समोर खुर्चीत डाक्टर, बाजूला कारभारी. दाराच्या आड देशमुखाची सून, मांडीवर तान्हं लेकरू. देशमुखाचं पहिलं नातवंड. त्याचे दोन्ही पाय आत वळलेले. माझ्या सरूचा एकच वळलेला, उजवा.

डाक्टरनं विचारलं, "ही कुणाची मुलगी?"

"मांगाची हाय. काय कमीजास्त झालं तरी बोंब मारनारं कुनी न्हाई."

हे माझ्यासमोर. मी तिथं नव्हतेच जणू. जसा खराटाच पोरीला कडेवर घेऊन उभा होता.

डाक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हा काहीतरी बोलेल. हैदराबादेत शिकलेला माणूस. मुसलमान, त्याला आमची शिवाशिव नाही. हा तरी म्हणेल की दोन्ही लेकरंच आहेत.

तो म्हणाला, "ठीक आहे. हिची हाडं अजून नरम आहेत. करून बघू."

करून बघू. भाकरी जमते का बघू, बैल नांगराला चालतो का बघू, तसं. मला कुणी विचारलं नाही. पोरीचा बाप गढीच्या बाहेर दोर वळत बसला होता, त्यालाही कुणी विचारलं नाही.

आमचं गाव उमापूरच्या अंगाला. राज्य निजामाचं, पण निजाम कुणी पाहिला होता? आमच्यावर राज्य देशमुखाचं. मांगवाडा गावाबाहेर. पोरीचा बाप अंबाडीचे दोर वळायचा, मी गढीचं अंगण आणि गोठा झाडायची. त्याबदल्यात शिळी भाकरी, सुगीत पदरात ओतलेली थोडी जवारी. ओतलेली म्हणजे वरून. हाताला हात लागू नये म्हणून.

सरू जन्मली तेव्हाच तिचा तळवा आत बघत होता. आया-बाया म्हणाल्या, ग्रहणात काहीतरी चिरलं असशील. मी काही चिरलं नव्हतं. चिरायला घरात होतं काय?

मग देशमुखाची सून गरोदर राहिली. मला हुकूम आला, पोरीला गढीत आणायचं नाही. तिचा पाय सूनबाईच्या नजरेला पडला तर पोटातल्या लेकराला लागेल. घरी सांभाळायला कोण? मी लुगड्याच्या धांदोटीनं तिला गढीबाहेरच्या बाभळीला बांधून कामाला जायची. आत झाडताना तिचं रडणं ऐकू यायचं. एक दिवस मुंगळ्यांनी तिची मांडी फोडली. मी झाडता झाडता थांबले, तर कारभारी म्हणाला, "हात कावून थांबला गं?"

एवढं करूनही गढीत लेकरू झालं ते दोन्ही पाय वळलेलं. मग काय. मांगाच्या पोरीची सावली पडली. पोरीच्या बापाला धरून आणलं आणि त्यानंच वळलेल्या दोरानं त्याला गोठ्याच्या खांबाला बांधून मारलं. का मारलं ते मारणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्याच खांबाखालचं शेण दुसऱ्या दिवशी मी भरलं.

आणि आता तीच सावली पाडणारी पोरगी त्यांना लागत होती. आधी तिच्यावर बघायला.

डाक्टरनं सरूचा पाय हातात घेतला. गढीत कुणी तिचा पाय असा धरलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि तोही मोडण्यासाठीच धरल्यासारखा वाटला. त्यानं टाच धरून पाय बाहेर पिरगळला. पोरगी अशी किंचाळली की गढीतली कबुतरं उडाली. मी तिला दाबून धरायची, एवढंच माझं काम. मग कापूस, मग पट्ट्या, मग ओला पांढरा चुना. तो वाळून दगडासारखा झाला. पोरीचा पाय त्या दगडात.

मग डाक्टर कारभाऱ्याशी उर्दूत बोलला. बराच वेळ बोलला. बोटांकडं हात करून काही सांगितलं. कारभाऱ्यानं मान डोलावली. मला उर्दू कळत नव्हती.

डाक्टर गेल्यावर मी कारभाऱ्याला विचारलं, "साहेब काय म्हनले?"

"तुला काय करायचंय? पोरगी गप ठिव म्हंजी झालं."

डाक्टर पुन्हा आला. जुना चुना फोडला, पाय आणखी बाहेर वळवला, नवा चुना केला. पुन्हा आला. पाय खरंच सरळ व्हायला लागला होता. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. पण तो आनंदही त्यांच्या उष्ट्यासारखा होता. दर वेळी देशमुख ओसरीवरून उतरून यायचा, पोरीच्या पायाकडं वाकून बघायचा आणि डाक्टरला म्हणायचा, "म्हंजी जमतंय म्हना की." पोरीच्या तोंडाकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

हिवाळा सुरू झाला होता. एक दिवस सकाळी सरू उठली ती रडतच. चुन्यातून बाहेर आलेली बोटं सुजली होती. निळी. हात लावला तर गार. दुसरा पाय गरम आणि ह्या पायाची बोटं मेलेल्याची.

मी पळत गढीवर गेले. देशमुख अंगणात दातवण करत होता.

"मालक, पोरीची बोटं काळी पडायलीत. डाक्टरला सांगावा धाडा. न्हाई तर पट्टी काढू द्या."

त्यानं चूळ भरली. थुंकला. कारभाऱ्याकडं बघून म्हणाला, "पट्टीला हात लावायचा न्हाई. डाक्टर यील तवा यील. काय व्हतंय ते बघू. आपल्यालाबी कळंल."

आपल्यालाबी कळंल.

माझ्या पोरीचा पाय सडला तर त्याला कळणार होतं. त्याच्या नातवाचा वाचणार होता. मी तिथं उभी राहिले. पाया पडायला वाकणार होते, दर वेळी वाकते तशी. कंबर वाकली नाही. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. वाकलीच नाही. वळले आणि घरी आले.

पोरीचा बाप दारात होता. म्हणाला, "मालकाला इचारल्याबगर पट्टी काढली तर..."

"इचारलंय मालकाला. त्यो म्हनतोय, काय व्हतंय ते बघू. तुमाला बघायचंय का?"

त्यानं पोरीची बोटं हातात धरली. मग उठला, दोर कापायची सुरी घेतली. मी पाणी कोमट केलं, पाय परातीत बुडवला, चुना भिजवला. तो एका बाजूनं कापत गेला. पोरगी ओरडत होती, आम्ही दोघं रडत होतो आणि कापत होतो. दगड सुटला. आत टाचेपाशी कातडं सोललेलं. बोटांचा रंग हळूहळू परत आला. आधी जांभळा, मग लाल. ती लाली पाहून मला जेवढा राग आला तेवढा जन्मात कधी आला नव्हता.

दिवस वर यायच्या आत आम्ही बीडच्या वाटेला लागलो. थोडा वेळ तो पोरीला घ्यायचा, थोडा वेळ मी. गेवराईजवळ एका विहिरीवर पाणी मागितलं तर आधी जात विचारली, मग लांबून ओंजळीत ओतलं. रात्री एका झाडाखाली पडलो. मला ठाऊक होतं, परत गेल्यावर काय होईल याचाच पोरीचा बाप विचार करतोय. मीही करत होते. तरी पाय थांबले नाहीत.

सरकारी दवाखान्यात दारात कंपौंडर. म्हणाला, "मांग का? तिकडं झाडाखाली बसा. सगळ्यांचं झाल्यावर."

मी बसले नाही. त्याच्या हाताखालून आत घुसले. तो मागून ओरडला. डाक्टर टेबलापाशी होता. त्यानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? पोरीचा पाय टेबलावर ठेवला तेव्हा ओळखलं. माणूस पायावरून ओळखला त्यानं.

"ये क्या किया?" तो चिडला. "पट्टी कुणी कापली?"

"आमी कापली. बोटं काळी पडली व्हती."

तो पुढं वाकला. पोरीचं एकेक बोट दाबून पाहिलं. टाचेची जखम पाहिली. मग आवाज बदलला. "बरं केलं. मी कारभाऱ्याला सांगितलं होतं, बोटं निळी पडली तर त्याच वेळी पट्टी कापा. त्यानं सांगितलं नाही?"

म्हणजे त्याला माहीत होतं. कारभाऱ्याला माहीत होतं. देशमुखालाही माहीत असणार. फक्त मला माहीत नव्हतं. मी तिची आई.

माझ्या तोंडाला जणू दुसऱ्याच कुणाची जीभ आली.

"कारभाऱ्याला सांगितलं. मला कावून न्हाई सांगितलं, साहेब?"

"मला वाटलं तो सांगेल."

"पोरगी कारभाऱ्याच्या मांडीवर निजती का? रातीला रडली तर कारभारी उठतो का? तुमी तिचा पाय धरला, आन् बोलला दुसऱ्यासंगं. मी काय मुकी हाय? मला मराठीत सांगितलं असतं तर कळलं नसतं का?"

कंपौंडर मागून मला ओढायला आला. डाक्टरनं हातानं त्याला थांबवलं. मी थांबले नाही.

"आन् तुमाला ठावं व्हतं. माझ्या पोरीवर बघून मंग त्याच्या नातवावर करायचं. ठावं व्हतं ना?"

तो खाली बघत होता. म्हणाला, "होतं."

माफी मागितली नाही त्यानं. मोठी माणसं मागत नाहीत. पण त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, "बस. तिच्या बापालाही बोलव."

मी खाली बसायला गेले. "खाली नको. इथं."

खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले. बरं वाटलं असं सांगणार नाही. अवघड वाटलं. राग होता, तो खुर्चीनं जात नाही.

त्या दिवशी त्यानं आम्हा दोघांना सगळं सांगितलं. हाड कुठं वळलंय, शीर कुठं आखडलीय. माझा अंगठा धरून पोरीच्या पावलावर ठेवला. इथं दाबायचं, इथून बाहेर न्यायचं, ओढायचं नाही, हळू. सरू रडली की थांबायचं. तेल लावून, रोज. तिच्या बापाला पट्टी बांधायला शिकवलं, दोर वळणाऱ्याच्या बोटांना ते लवकर जमलं. जखम भरेपर्यंत चुना नाही. आणि बोटांचा रंग रोज बघायचा, हे त्यानं मराठीत, मला, माझ्याकडं बघून सांगितलं.

त्यानंतर आम्ही बीडला जात राहिलो. मी विचारायची, तो सांगायचा. कधी चिडायचाही. "किती विचारतेस गं?" मी म्हणायची, "पोरगी माझी हाय." टाचेपाशी चुना घासतो हे मी दाखवलं तर तो तिथं कापूस जास्त भरायला लागला. एकदा तो म्हणाला, टाचेमागची शीर फारच आखडलीय, थोडी कापावी लागेल, भूल देऊन. भूल देताना लेकरू दगावूही शकतं. कापली नाही तर टाच कधी पुरी टेकणार नाही. "करू का?" त्यानं विचारलं.

करू का. मला विचारलं त्यानं. आम्ही दोघं झाडाखाली जाऊन बसलो. पोरीचा बाप म्हणाला, "तू म्हनशील तसं." मी म्हणाले, "असं न्हाई. दोघांनी म्हनायचं." मग दोघांनी हो म्हटलं. पोरगी शुद्धीवर येईपर्यंत मी भिंतीला नखं रोवून उभी होते. पण ती भीती माझी स्वतःची होती. कुणी माझ्यावर लादलेली नव्हती.

आम्ही न विचारता पट्टी कापून बीडला गेलो म्हणून गावात देशमुख चिडला होता. तरी त्यानं हाकललं नाही. त्याला पाय बघायचा होता ना. सरूची टाच टेकली तसा त्यानं डाक्टरला पुन्हा सांगावा धाडला. डाक्टरचं उत्तर आलं. चुना मी करीन, पण रोज पाय दाबून वळवायचं काम आईनं करायचंय, शिकायला बाळाला आणि आईला बीडला पाठवा. देशमुख म्हणाला, "गढीची सून दवाखान्यात मांगा-म्हारांच्या रांगंत बसनार? लेकरू लंगडं राहिलं तरी चालंल."

त्याच्या घरचं लेकरू. त्याच्या इभ्रतीपुढं तेही मांगाचंच झालं.

पुढं एका दुपारी मी गोठा झाडत होते. गढी जेवून निजली होती. मागच्या दारातून देशमुखाची सून आली. पदराखाली लेकरू. मला म्हणाली, "सरूची माय, तू त्या पायाला काय करतीस? मला दाव."

माझ्या डोक्यात आग. मी म्हणाले, "आधी हिच्या पोरीवर बघा म्हनले, तवा दाराआड तुमीच बसल्या व्हत्या, बाईसाहेब."

"व्हते," ती म्हणाली. "मला कुनी इचारलं व्हतं का?"

म्हणजे आम्ही दोघी सारख्या? नाही. तिला ओसरी होती, मला पायरीखालची माती. तिच्या नवऱ्याला कुणी खांबाला बांधलं नव्हतं. पण लेकराच्या बाबतीत तिचीही जीभ कापलेली होती.

"दावते," मी म्हणाले. "पर तुमी ओट्यावर आन् मी खाली, असं न्हाई. माझ्यासमोर बसा."

तिनं गढीकडं पाहिलं. मग गोठ्यातल्या जमिनीवर माझ्यासमोर बसली. मी तिच्या लेकराचा पाय हातात घेतला. देशमुखाचं नातवंड मांगिणीच्या हातात. आभाळ पडलं नाही. गाय रवंथ करत राहिली. तिचा अंगठा धरून मी पावलावर ठेवला. इथं. हळू. ओढायचं नाही. ती शिकत होती आणि तिचे डोळे गळत होते. आणखी काही दुपारी ती आली. मग कारभाऱ्यानं पाहिलं.

चावडीवर बोलावलं. सगळा गाव गोळा. देशमुख लोडाला टेकून. म्हणे मी लेकरू बाटवलं. करणी केली. सुनेला फितवलं. तोंडानं कबूल करायचं की मी चेटकीण आहे, आणि चावडीपासून गढीपर्यंत नाक घासत जायचं. नाही तर गावात पाऊल ठेवायचं नाही.

पोरीचा बाप हात जोडून उभा होता. मी सरूला खाली ठेवलं.

"न्हाई घासनार."

कुणाला ऐकू आलं नसावं. मी पुन्हा बोलले, मोठ्यानं.

"न्हाई घासनार. माझ्या पोरीवर आधी करून बघितलं, तवा बाट न्हवता का? तिची बोटं काळी पडली तवा बघू म्हनलात. बघा की मंग आता. ही हुबी हाय."

सरू चालली नाही. एवढी माणसं पाहून घाबरली, माझ्या लुगड्याला घट्ट धरून उभी राहिली. पण दोन्ही टाचा जमिनीला. सगळ्यांनी पाहिलं.

"चेटूक न्हाई ह्ये. आईबापाचे हात हायती आन् डाक्टरचे. तुमच्या सुनंलाबी हात हायती. तुमी बांधून ठिवले."

कारभाऱ्याची लाथ माझ्या पोटात बसली. पुढचं मला नीट आठवत नाही. पोरीचा बाप मधे पडला हे आठवतं. जोडलेले हात त्यानं सोडले होते. त्याला लई मारलं. आमच्या खोपटाचं छप्पर ओढून पाडलं, वळलेले दोर जाळले. आम्ही त्याच दिवशी निघालो. मी नाक घासलं नाही.

आता बीडला नदीच्या काठाला, मांगवाड्यात राहतो. तो दोर वळतो. एका कानानं त्याला कमी येतं, त्या मारानं. सरू थोडी फेंगडी चालते, पण डोक्यावर घागर घेऊन चालते. गेल्या साली दोर विकायला गेलो, तेव्हा उमापूरच्या बाजारात देशमुखाची दमणी दिसली. नातू आत बसला होता, मांडीवरून पायांवर शाल टाकलेली. भर उन्हात शाल. शेजारी त्याची आई. तिनं मला पाहिलं, मी तिला. ती काही बोलली नाही. कुणाला वाटेल मला बरं वाटलं असेल. नाही वाटलं. त्या पोराचा काय गुन्हा? माझ्या अंगाचा पुन्हा जाळ झाला, तो अजून आहे.

तो डाक्टर बदलून गेला. नवा आला आहे. हा लेकराला बघतो आणि बोलतो बरोबरच्या बाप्याशी, नाही तर पाटलाच्या चिठ्ठीशी. आई भिंतीला. कुणी शिरूरकडून आंधळं लेकरू घेऊन येते, कुणाचं पोरगं मान धरत नाही, कुणाचं बोलत नाही. झाडाखाली बसून राहतात. कंपौंडर हाक मारेल तेव्हा उठायचं, गप बसायचं, गप जायचं.

मी दवाखान्याच्या दारात जाऊन बसते. कामाचा दिवस बुडतो, बुडू द्या. कंपौंडरनं शिपाई आणून मला उठवलं. परत जाऊन बसले. पुन्हा उठवलं. पुन्हा बसले. लेकरू घेऊन बाई आली की मी तिचं मनगट धरते.

"आत जा. तुझ्या लेकराला काय झालंय, ते तुला सांगायला लाव. न्हाई कळलं तर पुन्हा इचार. कळल्याबगर उठू नको. हात धरून काढायला आले, तर माझ्याकडं बोट कर. मी हाय हितंच."